स्क्रीनवर नसलेली ओळ

ग्रॅनविक, ओहायो
१३ मार्च २००५

तीर्थरूप डॅडींस,
वेरोनाचा कोपरापासून नमस्कार.

तुमचं पत्र आणि ममाच्या पेकनच्या वड्या एकाच दिवशी पोचल्या. आधी पत्र वाचलं असं ममाला सांगा. खरं काय ते तुम्ही ओळखालच.

परवा फोनवर आपण दोघं इतके ओरडलो की शेजारच्या बाईंनी दार वाजवून विचारलं, कुणी भांडतंय का म्हणून. त्यापेक्षा पत्रंच बरी. कारखान्यातल्या प्रेसच्या खडखडाटाने तुमचा डावा कान नेला, आणि तुम्ही फोन अजून त्याच कानाला लावता, अशी ममाची तक्रार आहे.

इथल्या शेरीफच्या पोलीस कंट्रोल रूममध्ये मी अजून शिकाऊच आहे. रस्त्यावरचा डेप्युटी गाडी थांबवतो आणि वायरलेसवर नंबरप्लेट सांगतो. मी ती टाइप करते. स्क्रीनवर गाडीच्या मालकाचं नाव, पत्ता, त्याच्यावर वॉरंट आहे का हे येतं. नवा कायदा झाल्यापासून त्याच्याकडे पिस्तूल जवळ बाळगायचा परवाना आहे का, हेही येतं. ते सगळं मी वाचून दाखवते. घरातली पहिली पदवीधर पोरगी नंबरप्लेटा वाचते म्हणून चर्चमध्ये सगळे हसतात, ते मला माहीत आहे. हसू द्या. रस्त्यावर दोन अनोळखी माणसं समोरासमोर येतात, तेव्हा त्यांच्यामध्ये खरी माहिती असावी, हे काम मला लहान वाटत नाही.

म्हणूनच मी तुमच्यामागे लागले होते. रॉसकाकांची गाडी आडरस्त्यावर बंद पडली आणि त्यांना मारहाण झाली, तेव्हापासून तुम्ही गाडीत पिस्तूल ठेवता. त्या भीतीला मी कधी खोटं म्हटलं नाही. पण लपवून कशाला ठेवायचं? आता तुम्ही परवाना काढलात. शेरीफच्या ऑफिसने तुमची सगळी चौकशी केली आणि लुशस टॉलिव्हर हा भला माणूस आहे असं ठरवलं. पोलिसांना आता तुम्ही अनोळखी नाही, डॅडी. गाडी थांबवलीच तर दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवा आणि पहिलं वाक्य परवान्याचं बोला. बाकीचं ते जाणतात.

ममाला सांगा, मी नीट जेवते. माझ्यावरची माया आहे तशीच राहू द्या.

तुमची,
वेरोना

---

बेल्टन फोर्क
२ एप्रिल २००५

चि. वेरोना हिस,
डॅडी आणि ममाचे पोटभर आशीर्वाद.

परवान्याच्या कार्डावरचा माझा फोटो तू पाहायला हवास. ममा म्हणते, हे तोंड बघून कुणालाही परवाना नाकारायचा धीर झाला नसता.

ठसे घेणाऱ्या बाईची मात्र मी दमछाक केली. इतकी वर्षं कारखान्यात लोखंडी पत्रे हाताळून बोटांवर रेघाच उरल्या नाहीत. ती पुन्हा पुन्हा दाबत होती आणि डाव्या बाजूने काहीतरी बोलत होती. शेवटी मी म्हटलं, बाई, उजवीकडून बोला, डावीकडे घरी कुणी नाही. खूप हसली.

एमेट न्हाव्याला तोंड वाजवायला विषय मिळाला आहे. सगळ्या दुकानादेखत म्हणाला, अरे लुशस, तुझा बाप मालकाला चुकवून ससे मारायचा, आणि तू स्वतःच्या पायांनी शेरीफकडे जाऊन सांगून आलास की माझ्याकडे पिस्तूल आहे! पोरगी शिकली की बापाची अशी वाट लागते. मी म्हटलं, तुझी नाही ना शिकली, तू कापत राहा.

पण पोरी, एक विचारतो. इतकी वर्षं माझ्या गाडीत काय आहे ते देवाला आणि तुझ्या आईला ठाऊक होतं. आता गाडीजवळ येण्याआधीच त्या पोलिसाला ठाऊक असणार. परवाना आहे म्हटल्यावर त्याच्या पोटात धीर येतो, की गोळा? हे तुझ्या पुस्तकांत नसेल. तू त्यांचे आवाज रोज ऐकतेस, तूच सांग.

ममा म्हणते, केस बांधून झोपत जा.

तुझा,
डॅडी

---

बेल्टन फोर्क
११ मे २००५

चि. वेरोना हिस,
आज आशीर्वादाला हात जरा जास्तच वर गेला आहे.

माझ्या प्रश्नाला तू उत्तर दिलं नाहीस. गेल्या पत्रात पावसाचं आणि घरभाड्याचंच लिहिलंस. राहू दे. उत्तर मला रस्त्यावर मिळालं.

सोमवारी ममाला डोळ्यांच्या डॉक्टरकडे तुमच्या काउंटीत आणलं होतं. तू कामावर असशील म्हणून कळवलं नाही, आणि डोळ्यांत औषध घातल्यावर तिला काही दिसेना, म्हणून तसेच परत निघालो. गावाबाहेर पडतो न पडतो तोच मागे पोलिसाचे दिवे. मी गाडी कडेला घेतली आणि हात स्टिअरिंगवर ठेवले. ममाला म्हटलं, हात मांडीवर ठेव, पर्सला शिवू नकोस. ती म्हणाली, पर्स कुठे आहे ते दिसतंय कुणाला.

आरशात पाहिलं. कोवळा गोरा पोरगा, आणि गाडीत आम्ही दोघं काळी म्हातारी माणसं. कमरेवर हात ठेवून माझ्या बाजूने, म्हणजे डाव्या खिडकीकडे येत होता. मागच्या दाराशी थबकला, खांद्यावरच्या वायरलेसला कान लावून काहीतरी ऐकलं. आणि काय केलं असेल? मागे फिरला, गाडीला वळसा घालून ममाच्या खिडकीशी आला! खाली वाकला आणि चांगला खणखणीत बोलला, मिस्टर टॉलिव्हर, इथून बोललेलं ऐकू येतं ना? मी परवान्याचं सांगितलं, पिस्तूल कुलूपबंद कप्प्यात आहे म्हटलं. म्हणाला, मला कल्पना आहे सर, ते तिथेच राहू द्या. मागचा एक दिवा गेला होता, तेवढंच. ममाने त्याला अंदाजाने पेपरमिंट पुढे केली. घेतली त्याने.

वेरोना, त्यांच्याकडे माझा कानसुद्धा लिहून ठेवलेला आहे! ती ठसेवाली बाई हसली होती, पण तिने नोंद केली असणार. तू लिहिलं होतंस, मी त्यांना अनोळखी नाही म्हणून. मी मनात म्हटलं होतं, पोर भाबडी आहे. चुकलो.

एमेटला सांगितलं. दुकानातले दोघं म्हणाले, आम्हीही परवाना काढतो. महिनाअखेरीस मी एकटाच तीन काउंट्या ओलांडून रॉसकडे जाणार आहे. आता वाटेत कुणी थांबवलं तरी माझ्या जिवाला घोर नाही. ऐकू आलं नाही तरी त्यांना ठाऊक आहेच.

तुझा अभिमान असलेला,
डॅडी

---

ग्रॅनविक
१६ मे २००५

तीर्थरूप डॅडींस,
नमस्कार. हे पत्र ममाला वाचून दाखवायला सांगा आणि तिला तुमच्या उजवीकडे बसवा.

तुमचा आनंद मोडायला नको म्हणून दोन दिवस मी काहीच लिहिलं नाही. पण तुम्ही रॉसकाकांकडे निघणार आहात, तेव्हा लिहायलाच हवं. तुमच्या कानाची नोंद कुठेही नाही. त्या बाईने काही लिहिलेलं नाही. लिहायला तिथे जागाच नाही. त्या सोमवारी वायरलेसवर मी होते.

डेप्युटीने नंबर सांगितला, मी टाइप केला, आणि स्क्रीनवर तुमचं नाव आलं. नाव वाचलं, पत्ता वाचला, वॉरंट नाही म्हटलं, आणि परवाना आहे म्हटलं. ते न सांगण्याची मला मुभा नाही, आणि खरं सांगू, न सांगावं असं वाटलंही नाही. पण त्याने बरं म्हटलं, तेव्हा त्याचा आवाज बदलला होता. त्याने मदतीला दुसरी गाडी मागवली. तुम्ही विचारलेला गोळा तो हाच. मी तो आधीही ऐकला होता. काही माणसांच्या गाडीशी परवाना म्हटलं की धीर येतो, काहींच्या गाडीशी गोळा. कुणाच्या गाडीशी काय, ते मला ऐकू यायला लागलं होतं, म्हणून मी उत्तर टाळलं.

मला एवढंच दिसत होतं: तो तुमच्या डाव्या बाजूने येणार, काहीतरी म्हणणार, तुम्हाला ऐकू जाणार नाही. आणि ऐकू आलं नाही की तुम्ही काय करता ते मला माहीत आहे. अख्खं अंग वळवता, उजवा कान पुढे करता, आणि हात सुटतात. मी पुन्हा बटण दाबलं आणि म्हटलं, चालकाला डाव्या कानाने ऐकू येत नाही, उजवीकडून जा, ते माझे वडील आहेत.

आमच्या मुख्य बार्ब केस्लर यांनी संध्याकाळी बोलावलं. म्हणाल्या, स्क्रीनवर नाही ते वायरलेसवर जात नाही. आज तू बापाची हमी दिलीस, उद्या दुसरी कुणी आपल्या दारुड्या भावाची देईल, आणि माझा डेप्युटी निर्धास्त होऊन पुढे जाईल. त्यांचं खोटं नव्हतं. मला लेखी ताकीद मिळाली आणि शिकाऊपण लांबलं.

तुम्ही त्यांना अनोळखी नाही असं मी लिहिलं, ते बरोबर नव्हतं. त्यांना एवढंच कळतं की तुमच्याकडे पिस्तूल असू शकेल. तीन काउंट्यांत मी कुठेच नसेन. परवाना परत करा म्हणू की ठेवा म्हणू, मला समजत नाही. एकटे जाऊ नका, एवढंच समजतं.

रागवा, पण लिहा.

तुमची,
वेरोना

---

बेल्टन फोर्क
२१ मे २००५

चि. वेरोना हिस,
आशीर्वाद. ताकीद मिळालेल्या पोरीलाही तेवढेच.

ममाने पत्र वाचून दाखवलं. बटण दाबल्याची ओळ मी तिला पुन्हा वाचायला लावली. नंतर मी अंगणात जाऊन उभा राहिलो. तो पोरगा पेपरमिंट चघळत गेला, तेव्हा मला वाटलं होतं ओहायो राज्य शहाणं झालं. आता कळतं की माझंच लेकरू होतं. मला आनंद व्हायला हवा. झालाही. पण पहिला आनंद मोठा होता, तो गेला.

एमेटकडे जाऊन सगळ्यांना खरं सांगून आलो. ज्यांना परवाना काढायचा आहे त्यांनी काढावा, पण पूर्ण हकीकत ऐकून. एमेट हसला नाही. म्हणाला, निदान तुझी तिथे बसलेली तरी आहे.

पिस्तूल घरी ठेवावं का याचा विचार केला. पण घरी ठेवलं तरी नंबरप्लेट सांगणारच की ते आहे. नसलेलं पिस्तूल त्यांना दिसणार, आणि रॉसवर आली तशी वेळ आली तर माझ्याकडे ते नसणार. तेव्हा परवाना ठेवतो, पिस्तूलही ठेवतो. गाडी ममा चालवेल. मी तिच्या उजवीकडे बसेन, म्हणजे चांगला कान खिडकीकडे, आणि वाटभर ती काय बोलते ते ऐकू येणार नाही. यात माझाच फायदा आहे असं ती म्हणते.

बार्बबाईंचं मला पटतं. तू सगळ्यांची मुलगी होऊ शकत नाहीस. तरी विचारतो, आणि या वेळी पावसाचं लिहू नकोस. उद्या असाच कुणाचा तरी नंबर येईल, परवाना असलेला, आणि त्याच्या घरचं कुणी तुझ्या खुर्चीत नसेल. त्याच्यासाठी तू काय करशील?

तुझा,
डॅडी

---

ग्रॅनविक
५ जून २००५

तीर्थरूप डॅडींस,
वेरोनाचा नमस्कार. रॉसकाकांकडून सुखरूप आलात हे ममाने कळवलं, तेव्हा जीव भांड्यात पडला.

तुमच्या प्रश्नाने मला बरेच दिवस झोपू दिलं नाही. स्क्रीनवर मला काही वाढवता येत नाही. ऐकू न येणाऱ्यांची नोंद त्यांच्या मर्जीने करता यावी, असा अर्ज मी वर दिला आहे. बार्बबाईंनी त्यावर सही केली, पण उत्तर यायला वर्ष लागेल म्हणाल्या.

मग मी माझ्याच ड्यूटीचं रेकॉर्डिंग मागून ऐकलं. नाव, पत्ता, वॉरंट मी सरळ वाचते. परवान्याच्या आधी थांबते. श्वास घेते. मग तो शब्द जरा खाली आवाजात, जपून सांगते. प्रत्येक वेळी. मला कुणी तसं शिकवलं नव्हतं. डेप्युटी परवान्याआधी माझं थांबणं ऐकतो, डॅडी. त्याच्या पोटातला थोडा गोळा माझ्याकडून जात होता.

काल एक नंबर आला. मालकाकडे परवाना होता. मी तो पत्त्याच्याच आवाजात वाचला, मध्ये श्वास न घेता. डेप्युटीने बरं म्हटलं, तेही तशाच आवाजात. याने फरक पडला की तो डेप्युटीच शांत स्वभावाचा होता, हे मला कधीच कळणार नाही. हे पुरेसं नाही, तेही कळतं. पण आठ मिनिटांनी त्याने गाडी सोडली, रस्ता मोकळा, म्हणून कळवलं.

त्या माणसाचं नाव मला सांगायची परवानगी नाही. तो घरी गेला.

ममाला आणि तुम्हाला माझी माया. तुमची माझ्यावर कमी होऊ देऊ नका.

तुमची,
वेरोना