पहिली वेलांटी

आप्पा, तुमच्यासाठी केलेलं काम मी या महिन्यात दुसऱ्याच्या हाती सोपवलं. तुम्हाला विचारायला हवं होतं असं सारखं वाटत राहिलं, म्हणून आज लिहायला बसले.

ते सुरू कसं झालं ते तुम्हाला आठवत असेलच. तुमच्या टायपिंग इन्स्टिट्यूटमधल्या टाईपरायटर मशीनवर शिकायला येणारी मुलं कमी झाली, तेव्हा तुम्ही तिथं एक कॉम्प्युटर आणलात. आयुष्यभर मराठी टंकलेखन शिकवलेला माणूस त्याच्यापुढं बसला आणि पहिल्याच शब्दाला अडला. मशीनवर पहिली वेलांटी आधी मारायची आणि मग अक्षर. कॉम्प्युटरला आधी अक्षर लागायचं. तुम्ही ‘किती’ लिहायला जायचात आणि वेलांटी भलतीकडंच लोंबायची. मी हसले, तुम्ही हसला नाहीत. हात मांडीवर ठेवून म्हणालात, “आता या वयात बोटांना परत मुळाक्षरं शिकवू का गं?” मी तेव्हा पुण्याला नुकती नोकरीला लागले होते. दिवाळीला आले ती एक छोटा प्रोग्रॅम लिहून घेऊनच. तुम्ही मारलेली वेलांटी तो धरून ठेवायचा आणि पुढचं अक्षर आलं की जागच्या जागी बसवायचा. तुम्ही खिडकीकडं तोंड करून अख्खा अर्ज टाईप केलात, मग पडद्याकडं पाहिलंत. “चालतंय की,” म्हणालात. आणि लगेच, “मला एकट्यालाच कशाला? माझ्यासारखे लई जण असतील. सगळ्यांना देऊन टाक.” म्हणून तो मी नेटवर ठेवला, कुणीही फुकट घ्यावा, आत काय लिहिलंय ते वाचावं, हवं तर बदलावं, असा.

तुम्ही गेलात आणि तो पसरत गेला. कोर्टाबाहेर बसणारे टायपिस्ट, शाळांमधले क्लार्क, गावोगावचे छोटे छापखानेवाले तो वापरू लागले. माझं लग्न झालं, मुलगी झाली, नोकऱ्या बदलल्या. दर वेळी वाटायचं, आता हे थांबवावं. आणि दर वेळी कुणीतरी लिहायचं, “ताई, तुमच्यामुळं बोटांची सवय मोडावी लागली नाही.” मग रविवार पुन्हा त्यालाच जायचा.

गेल्या वर्षी आईला अर्धांगवायूचा झटका आला. कंपनीनं घरून काम करायची मुभा दिली म्हणून मुलीला घेऊन मी सोलापूरला आले. जुळे सोलापुरात तळमजल्यावर फ्लॅट घेतलाय, नवरा शनिवारी येतो. सकाळी मुलीची शाळा, मग आईच्या उजव्या हाताचा व्यायाम, मग दिवसभर ऑफिसच्या मीटिंगा. अशातच कॉम्प्युटरच्या सिस्टीमची नवी आवृत्ती आली आणि आपला प्रोग्रॅम बिघडला. वेलांट्या पुन्हा लोंबायला लागल्या. लोकांचे निरोप सुरू झाले. काही अजिजीचे, काही रागाचे. एकानं लिहिलं, “फुकट देता म्हणून कसंही द्यायचं का?” मी एका हातानं आईची बोटं उलगडत होते, दुसऱ्या हातात फोन धरून उत्तर देत होते. आईनं हात ओढून घेतला. तिला शब्द सापडायला वेळ लागतो हल्ली. बराच वेळ माझ्याकडं बघत राहिली आणि म्हणाली, “एकतर हात धर, नाहीतर फोन धर.”

त्याच दिवशी दुपारी मी नेटवर लिहून टाकलं की मला हे आता जमत नाही, कुणी सांभाळेल का. काही दिवस कुणीच बोललं नाही. मग अक्कलकोटजवळच्या एका शाळेतल्या शिक्षकाचा फोन आला. मुलांना कॉम्प्युटर शिकवतात, घरी कानडी बोलतात. बिघाड त्यांनी आधीच दुरुस्त करून ठेवला होता. तरी म्हणाले, “एक गोष्ट समक्ष विचारायची हाय,” आणि रविवारी एसटीनं घरी आले. चहा घेता घेता त्यांनी लॅपटॉप उघडला आणि प्रोग्रॅमच्या आत, वेलांटी धरून ठेवणाऱ्या भागावर मी लिहिलेली ओळ दाखवली. “मॅडम, हितं तुम्ही लिवलंय, ‘आप्पांसाठी. काढू नये.’ हे काय हाय?”

मी त्यांना तुमच्याबद्दल सांगितलं. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. मग खाली बघत म्हणाले, “वाईट वाटून घेऊ नका. माझी पोरं आधी अक्षरच मारतात. त्यांनी मशीन बघितलंच न्हाय. प्रोग्रॅम उघडला की वेलांटी आधी मागतो आणि पोरं गोंधळतात. मला ती पद्धत मागं ठेवायचीय. ज्याला पायजे त्यानं सेटिंगात जाऊन घ्यावी.”

“विचार करून सांगते,” म्हणाले मी. माझा आवाज चढला होता, ते त्यांच्या लक्षात आलं असणार. त्यांना रिक्षापर्यंत सोडायलाही मी गेले नाही.

दोन्ही बाजूंनी भांडत राहिले मनातल्या मनात. मग इन्स्टिट्यूटमधली एक दुपार आठवली. मी कॉलेजात, सुट्टीत तुमच्या हाताखाली. परीक्षा तोंडावर आलेली एक मुलगी जोडाक्षरांना अडखळत होती. मी वाकून तिचं वाक्य पुरं करून दिलं. तुम्ही खोलीच्या त्या टोकाकडून, सगळ्या बॅचसमोर म्हणालात, “हात काढ. मशीन तिचं आहे.” मी जेवणापर्यंत तुमच्याशी बोलले नाही. चटणीसाठी शेंगा सोलत तुम्ही स्वयंपाकघरात बसलाय, वर न बघता म्हणताय, “तू मारलेलं बरोबरच होतं गं. पण तिच्या परीक्षेला तू नसणार की.”

दुसऱ्या दिवशी मी ‘काढू नये’ हे दोन शब्द स्वतःच्या हातानं पुसले आणि त्या सरांना फोन केला. “तुमच्या मुलांना सोयीचं असेल तसं करा,” मी म्हणाले. ते म्हणाले, “‘आप्पांसाठी’ राहू देतो, मॅडम.” मी बरं म्हटलं. त्यांचं काम चांगलं आहे. लोकांची तक्रार नाही. माझे रविवार मोकळे झालेत, आईची करंगळी आता थोडी हलते, मुलीला मी परवा पोहायला घेऊन गेले.

सगळे म्हणतात, ओझं उतरलं, आता बरं वाटत असेल. मीही हो म्हणते. पण तुम्ही गेलात तेव्हा मी फारशी रडले नव्हते, आप्पा. लोक म्हणाले, पोर खंबीर आहे. मी खंबीर नव्हते. रोज कुठं ना कुठं कुणीतरी तुमच्यासारखं लिहितंय, एवढ्यावर मी तुम्हाला गेलेलं धरतच नव्हते. त्या फोननंतर बाथरूममध्ये नळ सोडून पोटभर रडले. आईला म्हटलं, डोळ्यांत साबण गेला.