चौथ्या रॉडची फट

गोंडपिपरी, १४ मे १९५७

तीर्थस्वरूप उस्ताद शफीभाई यांना मुखरूचा सलाम, आणि हात जोडायची खोड जात नाही म्हणून साष्टांग नमस्कारही. इकडे सर्व खुशाल. नागभीडला सुरय्याबाईच्या हातचं जेवण मानवतंय ना? लेकीच्या घरी माणूस जाड होतो म्हणतात. गुडघा कसा आहे? हाताचं मी विचारत नाही. हात थरथरतो म्हणून तुम्ही दिवाळीत पाना खाली ठेवलात आणि गॅरेज माझ्या गळ्यात टाकून लेकीकडे निघून गेलात, त्याचा राग अजून माझ्या पोटात आहे.

पत्राला कारण गुणवंतरावांची मोटार. इंजिन सगळं खोललं, क्रँक नागपुराहून घासून आली, चार कनेक्टिंग रॉड बसवायचे राहिले. रॉडच्या बाजूची फट मोजायला पोलादी पट्ट्यांचं गेज काढावं, तर त्यातली पातळ पट्टीच तुटलेली! (आमच्या अन्नपूर्णेने त्या पट्टीने कापडावरच्या कुरडया उचकटल्या. कुरडया मात्र झकास झाल्यात.) मग तुमची युक्ती आठवली: बिडीचं पान फटीत सरकवायचं, जरा अडखळत गेलं की काम झालं. फट कमी पडली तर तापल्यावर रॉड अडकतो, जास्त झाली तर ठोकतो, हे तुम्ही मला इतक्यांदा ऐकवलंय की अन्नपूर्णाही भाकरी थापता थापता सांगेल.

पण तुमचं पान असायचं बिडीच्या कट्ट्यातलं, वाळलेलं. मी दीडशहाण्याने गॅरेजमागच्या तेंदूच्या झाडाचं हिरवंगार तोडलं. ते जाडजूड, फटीत शिरेना. म्हणून रॉडच्या बाजू घासल्या, पान शिरेपर्यंत चारही घासल्या. नारळ फोडून मोटार चालू केली तर खटाखट आवाज, धूर आणि तेलाचे ओघळ! गुणवंतराव नवी टोपी घालून मागे बसलेले. नाल्यापर्यंत गेलो, परत बैलांनी ओढून आणलं. ते एवढंच म्हणाले, "मुखरू, हे इंजन हाय का उखळ? शफीभाईले बोलाव." तुमच्या नावाला बट्टा लागतोय, उस्ताद. आगगाडीने चांद्यापर्यंत या, पुढे न्यायला मी येतो.

आपला,
मुखरू

ता. क. पत्र अन्नपूर्णेला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "एवढं खोटं काऊन लिहून राह्यले? अन् माह्या कुरडया काऊन मधात आणल्या? शफीभाईबिगर करमत नाई, हे लिहा ना सरळ."

आणखी ता. क. बरं, सरळ लिहितो. गेज धड आहे, माझ्या खिशातच आहे. पान मी तोडलं नाही, मोटार चालली नाही, बैलही कोणी जुंपले नाहीत. तीन रॉड बरोबर बसलेत. चौथा तेलाच्या फडक्यात गुंडाळून ठेवलाय. गेजने मोजून झालं तरी तुम्ही रॉड हलवून, डोळे मिटून ऐकायचात, या बाजूला टक, त्या बाजूला टक, आणि मग म्हणायचात, "जमलं." तो शब्द ऐकल्याशिवाय मला इंजिनाचं झाकण लाववत नाही. रॉड मी हलवीन. तुम्ही नुसतं जवळ उभं राहून ऐका. थरथरतो तो हात, उस्ताद. कान कुठे थरथरतो?