एस टिअरचा माणूस

रविवार, ४ जानेवारी. सकाळी ११.

आजपासून रोजनिशी. डोक्यातला संताप कुठेतरी काढायला हवा आणि सुमेधाने काल स्पष्ट सांगितलंय, घरात 'सेव्हन गेट्स' हा शब्द काढायचा नाही. नवऱ्याला आयुष्यात एक गोष्ट येते, त्यात बायकोला काडीचा रस नाही. असो.

परिस्थिती अशी. सेव्हन गेट्स हा मोबाइलवरचा गेम. पाच विरुद्ध पाच. प्रत्येकाने एक हीरो घ्यायचा, मारामारी करायची, मधूनमधून आपल्या किल्ल्यातल्या दुकानात जाऊन हत्यारं-चिलखतं घ्यायची आणि समोरच्याचा किल्ला पाडायचा. शेंबड्या पोरालाही कळेल. आमच्या टीमला कळत नाही.

टीम म्हणजे माझ्या ऑफिसातला डिनो, त्याची बायको ॲनेट आणि डिनोची चुलत भावंडं ज्यूड आणि टान्या. चौघं ठाण्याची, खोपटच्या डेपोमागे एकाच बिल्डिंगीत राहतात. पाचवे त्यांचे लिओनार्ड अंकल होते. ते मस्कतला गेले, म्हणून ऑक्टोबरात मला घेतलं. मी ठाकुर्लीहून हेडफोन लावून खेळतो. ८ फेब्रुवारीला ठाण्यात एका हॉलमध्ये स्पर्धा आहे. त्या पाचांत मला असायचंय. सदतीस वर्षांत मी कुठल्याच टीममध्ये टिकलेलो नाही. शाळेच्या लेझीमपथकातूनही काढलेलं. हे फक्त इथे लिहितोय.

शुक्रवार, ९ जानेवारी. संध्याकाळी ७.

टिअर लिस्ट पूर्ण. एक्सेलमध्ये. सगळे अठ्ठेचाळीस हीरो, एसपासून एफपर्यंत. एस म्हणजे सर्वोत्तम, एफ म्हणजे फेकून देण्यालायक. मी औषधांच्या कंपनीत क्वालिटीत आहे. दिवसभर गोळ्या पास-नापास करतो, नजर तयार आहे.

एसमध्ये एकच हीरो: ड्रेगा. माझा. दोन तलवारी, मागून येतो, एका फटक्यात आडवा. त्याला फक्त 'रेड फँग' आणि 'शॅडो बूट' या दोन वस्तू हव्यात. मग तो थांबत नाही. वस्तू मिळेपर्यंत त्याला कोणी फुंकर मारली तरी मरतो, पण ही बाब गौण.

एफमध्ये लूमा. हातात कंदील घेऊन फिरते आणि लोकांना मलमपट्टी करते. ॲनेट दोन वर्षं लूमाच खेळते. वर तिला 'हीलर्स शॉल' घेऊन देते. शाल. युद्धात. सत्कार आहे का?

ज्यूड घेतो ब्रॉम, म्हणजे एक दगडी जाड्या. पुढे उभं राहून मार खायचा हेच त्याचं काम म्हणे. असल्या लोकांबरोबर जिंकायचंय.

रविवार, ११ जानेवारी. दुपारी १.

प्रॅक्टिस. तीन हरलो. तिन्ही वेळा तेच. मी फँगचा दुसरा अर्धा भाग घ्यायला दुकानात गेलेलो, परत येतो तर चौघं मेलेली. पाचवा माणूस नसताना हल्ला करायचा हे कुठलं डोकं? बरं, मी गुपचूप जात नाही. दर वेळी माइकवर सांगून निघतो. शिस्त म्हणजे शिस्त.

टान्याने विचारलं, कुठे होतास. मी म्हटलं, दुकानात. ती 'अच्छा' म्हणाली. मला तिचं ते 'अच्छा' आवडलं नाही.

संकल्प: उद्यापासून पहाटे पाचला उठून एकट्याने सराव.

सोमवार, १२ जानेवारी. सकाळी ८.२०.

आत्ता उठलो. झोप हीसुद्धा तयारीच असते.

बुधवार, १४ जानेवारी.

संक्रांत. त्यामुळे गोड बोलणं भाग होतं. कॅन्टीनमध्ये डिनोला तिळगूळ दिला आणि टिअर लिस्ट दिली, लॅमिनेट करून. तिळगूळ त्याने लगेच खाल्ला. लिस्टवर डबा ठेवला, का तर म्हणे टेबलाला रस्सा लागतो.

माणूस चांगला आहे, पण कॅप्टन म्हणून बी टिअर. फार तर बी प्लस.

रविवार, १८ जानेवारी. दुपारी १२.३०.

शी. गेमवाल्यांनी काल बदल केले. ड्रेगाच्या तलवारीची धार कमी, लूमाची पट्टी जास्त जोरदार. आणि नेटवर सगळ्यांनी एका रात्रीत लूमाला एसमध्ये टाकलं. ड्रेगा सीमध्ये. यांना काही लाजबीज? काल एक बोलायचं, आज एक. मी माझी लिस्ट बदलणार नाही. लॅमिनेट केलेली आहे.

ॲनेटने मला स्माइली पाठवली. उत्तर दिलं नाही. पाच मॅच खेळलो, चार हरलो. जिंकलेल्या मॅचमध्ये माझं नेट गेलं होतं, त्यामुळे ती धरत नाही.

ज्यूड म्हणत होता, तुला ब्रॉम घेऊन बघायचाय का. मला. ब्रॉम. मी हेडफोन काढून पाच मिनिटं बाल्कनीत उभा राहिलो. सुमेधाने विचारलं, काय झालं. मी म्हटलं, काही नाही, अपमान झाला. ती म्हणाली, मग येताना कपडे आण वाळलेले.

रविवार, २५ जानेवारी. संध्याकाळी ६.

आज डिनोने घरी बोलावलेलं. मला वाटलं कौतुक असेल. ॲनेटने गरम गरम फुगे, म्हणजे त्यांच्याकडचे गोल फुगलेले पाव, तळलेले आणि चिकन केलेलं. फुगे एस टिअर. खरं ते लिहायला हरकत नाही.

जेवण झाल्यावर टान्याने टीव्ही लावला. ही मुलगी आमच्या सगळ्या मॅच रेकॉर्ड करते. मला ठाऊकही नव्हतं. तिने चौदा तुकडे काढून ठेवलेले. प्रत्येकात एकच प्रकार. माझा आवाज येतो, 'येतो'. लगेच ही चौघं पुढे धावतात. आणि कोपऱ्यातल्या नकाशावर माझा ड्रेगा शांतपणे उलट्या दिशेला, दुकानाकडे.

चौदा वेळा दाखवलं. सहाव्याला ज्यूड उशीत तोंड खुपसून बसला.

मी समजावलं. आमच्याकडे कोणी 'जातो' म्हणत नाही. निघणारा माणूस 'येतो' म्हणतो. 'जातो' म्हटलं की आई, म्हणजे सुहासिनीबाई, दारातून परत बोलावते, पाणी प्यायला लावते आणि पुन्हा नीट म्हणवून घेते. लहानपणापासून अंगात इतकं भिनलंय की एकदा स्मशानातूनही 'येतो' म्हणून निघालेलो. तेवढ्या एकाच ठिकाणी म्हणायचं नसतं, हे नंतर कळलं. आई आठवडाभर बोलली नाही.

डिनो म्हणाला, अरे आमच्या मम्मीपण तेच म्हणतात, आम्ही पण म्हणतो. पण दारात चपला घालणारा माणूस दिसतो, म्हणून कळतं. गेममध्ये तुझ्या चपला दिसत नाहीत.

मी उरलेला फुगा घेतला.

टान्या म्हणाली, सिंपल आहे, तू 'जातो' म्हण. मी प्रयत्न केला. चौघं बघत होती. तोंडातून निघेना. उद्या खरंच काही झालं म्हणजे? शेवटी ठरलं की मी 'बॅक' म्हणायचं. इंग्रजीत शकुन-अपशकुन नसतो.

एकंदरीत चूक भाषेची आहे, माझी नाही. म्हणजे ड्रेगा अजून एसच.

मंगळवार, २७ जानेवारी.

सवय लागावी म्हणून ऑफिसातून निघताना 'बॅक' म्हणालो. वॉचमन काळुरामने दचकून मागे वळून पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवून निघून आलो. सरावात लोकांचे गैरसमज होतातच.

रविवार, १ फेब्रुवारी. दुपारी १.

शेवटची मोठी प्रॅक्टिस. सविस्तर लिहितो, नाहीतर उद्या माझ्यावरच ढकलतील.

पहिली मॅच. समोरचा किल्ला पडायला आलेला. माझ्या बुटाची वेळ झाली. ठरल्याप्रमाणे 'बॅक' म्हणालो. तर चौघंही पळत परत आली. गेमच्या भाषेत 'बॅक' म्हणजे सगळे मागे फिरा, असं मला डिनोने तेव्हा सांगितलं. आधी सांगायला काय झालं होतं? पडत आलेला किल्ला वाचला. हरलो.

दुसरी. फक्त मीच मागे जातोय हे कळावं म्हणून नीट स्पष्ट म्हणालो, 'बॅक येतो'. त्यांना वाटलं, मी परत येतोय. चौघं पुढे घुसली. हरलो.

तिसरी. मी तोंडच उघडायचं नाही ठरवलं. ॲनेटने तीनदा विचारलं, आहेस का रे. किती वेळ गप्प बसणार? दुकानाकडे निघता निघता म्हणालो, 'आलोच'.

आता 'आलोच' हेही निघतानाच म्हणतात. कोणालाही विचारा.

टान्याने हेडफोन काढून ठेवल्याचा आवाज आला. तीही मॅच हरलो. वीट आला मला या लोकांचा. मराठी येत नाही, वस्तू कळत नाहीत, थांबणं माहीत नाही.

सोमवार, २ फेब्रुवारी. संध्याकाळी ७.३०.

कॅन्टीनमध्ये डिनो माझ्याकडे न बघता वरण ढवळत होता. म्हणाला, रविवारी तू आराम कर. मी म्हटलं, म्हणजे? तो म्हणाला, आराम कर ना यार, खूप मेहनत घेतलीस. आणि माझ्या डब्यात त्याच्या डब्यातला मासा ठेवला. तळलेली सुरमई. स्वतःहून.

उघड आहे. हुकमाचा पत्ता पहिल्या डावात टाकत नाहीत. मला फायनलसाठी राखून ठेवलंय.

शनिवार, ७ फेब्रुवारी. संध्याकाळी ५.

ग्रुपवर सोमवारपासून एकही मेसेज नाही. स्पर्धेआधी शांतता पाळतायत. उशिरा का होईना, अक्कल आली. मी दोन मेसेज टाकले, ड्रेगाबद्दल. दोन्हींवर बरोबरच्या खुणा निळ्या झाल्या.

सुमेधाने विचारलं, उद्या तू खेळतोयस ना नक्की? मी म्हटलं, फायनलला. तिने माझा निळा शर्ट इस्त्री करून खुर्चीवर ठेवला. नेहमी मीच करतो.

फोन चार्ज. हेडफोन चार्ज. लिस्ट बॅगेत.

रविवार, ८ फेब्रुवारी. दुपारी १२.४५. हॉलमध्ये.

मागच्या रांगेत बसून लिहितोय. एसी नाही, समोसे गार, निवेदक ओरडतो. सगळा बाजार. माझ्या बाजूला बसलेला प्रत्येक जण लूमाबद्दल बोलतोय. डोकं उठलंय.

आमची टीम आता पुकारली. मला वाटलं, नाव 'खोपट फाइव्ह'. फॉर्मवर तेच होतं, मी स्वतः सुचवलेलं. निवेदक म्हणाला, 'खोपट फोर'.

स्टेजवर पाच खुर्च्या. चौघं बसली. निवेदकाने विचारलं, पाचवा कुठे? नियमात चार चालतात, पण मागे बसलेल्यांतून घेणार का कोणी? डिनोने माइक घेतला आणि म्हणाला, नाही, आम्ही चारच.

संध्याकाळी ६. घरी.

चार विरुद्ध पाच. पहिली मॅच जिंकली. दुसरी जिंकली. सेमीफायनलला हरली, तीही अगदी थोडक्यात, लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते.

एक गोष्ट सिद्ध झाली. माझ्या जागी घ्यायला अख्ख्या ठाणे जिल्ह्यात त्यांना कोणी मिळालं नाही. जागा रिकामी ठेवावी लागली. हे सुमेधाला सांगितलं. ती म्हणाली, हो रे. आणि माझ्या शेजारी येऊन बसली.

आणखी एक लिहायचं राहिलं. हॉलमध्ये स्टेजवरच्यांचे आवाज स्पीकरवर ऐकवत होते. ज्यूड मार खाता खाता ॲनेटला हाका मारत होता, ॲनेट त्याला सगळ्यांसमोर झापत होती, आणि टान्या इतकी हसत होती की तिला नीट बोलता येईना. सेमीफायनल हरतानासुद्धा हसत होती.

ऑक्टोबरपासून मी यांच्याबरोबर खेळलो. दर रविवारी, कानाला हेडफोन लावून. ही चौघं खेळताना हसतात, हे मला माहीतच नव्हतं.