दगडावरची दोन पानं

रामा खापरपणजोबा,

मी तुमच्या घरची सून, ज्ञानेश्वरी. तुम्हाला जाऊन शंभर वर्षं होत आली, तरी विचारायचं आहे ते तुम्हालाच.

आपल्याकडे मुंबईहून येणारा माणूस पहिलं जेवण अंगणाबाहेरच्या जांभ्या दगडावर जेवतो. त्याच्या जोडीला घरातली मोठी बाई बसते. मला वाटायचं, हे गावच्या राखणदार देवासाठी असेल. सासूबाई म्हणायच्या, "राखणदाराचं नाय गो ते, पिलेगाचं!"

मुंबईच्या चाळीत तुम्ही सगळे गाववाले एका खोलीत पाळीपाळीने झोपायचात. प्लेगाने उंदीर मरून पडू लागले, शेजारची बिऱ्हाडं रिकामी झाली, आणि तुम्ही चालत घर गाठलंत. घरात पोरंबाळं होती. आईने तुम्हाला आत घेतलं नाही, दगडावर पान वाढलं. आपलंही तिथेच वाढून घेतलं. सासूबाई सांगायच्या, ती लांब बसून जेवली.

सासूबाई यंदा गेल्या. शिमग्याला माझा विनोद मुंबईहून आला, तेव्हा पहिल्यांदाच त्या दगडावर मी बसले.

"आई, सरक ना जरा," तो म्हणाला.

सरकणार कुठे? गुडघ्याला गुडघा लागत होता.

खापरपणजोबा, तेव्हाही दगड हाच होता ना? मग तुमची आई लांब बसली तरी कुठे?

तिच्या जागेवर बसलेली,
ज्ञानेश्वरी