लांब्या आधी माहा होता

११ जानेवारी, आईतवार
कापूस वेचून आली तं सुमन माह्या खाटेवर बसलेली, रिमोट हातात. धाकटी जाऊ, पण ढंग थोरलीचे. घरं दोन, टीव्ही एक. तो माहा.
लांब्या आज तिसरा आला. माहा गोल्फवाला. उंच, वाकला की चिमट्यावानी दिसते. मालक होते तवा हैद्राबादले गोल्फच्या मैदानात गवत कापत. सुट्टीत घरी आले की हाच खेळ लावत. "गवत पाय वं, गालिचा हाय," म्हनत. मी लांब्याले पायत होती. तवा त्याले कोनी कुत्रं वळखत नवतं.
सुमनचा गुटगुट्या, तो दुसरा ठेंगना गोल्फवाला. अशी वाटनी झाली होती, वावरावानी. आज म्हनते, "अक्का, तुमचा लांब्या मलेबी आवडून राह्यला."
काऊन? गुटगुट्या मेला का?

१२ जाने.
समजलं काऊन. तिच्या फोनवर आलं, लांब्याच्या डोळ्याच्या मागचा पडदा सुटला होता. ऑपरेशन करून परत खेळाले आला. सुमन पदर लावून बसली. "बिचारा वं! एका डोळ्यानं कसा उतार पायत असंन?"
गडी माहा, रडते ती.

१४ जाने., संक्रांत
सुमन हिरवं नेसून वानाले गेली. मले कोन बोलावते आता. दारातून पायलं. चांगली दिसत होती. नवरा हाय, बांगड्या हायेत, अन् आता लांब्याबी पायजे.
आली तं प्लास्टिकचे दोन डबे. "एक तुमचा, अक्का." मी म्हनलं, झाकन बसत नाई नीट. बसत होतं.

१८ जाने., आईतवार
चेंडू भोकात ढकलाच्या आधी लांब्या काठी दोन बोटात लटकवते, एक डोळा मिटते, जमिनीचा उतार पायते. सुमन लाटनं लटकवून नक्कल करत होती. मले राहवलं नाई. "असं नाई वं, येडे. मालकानं मले शिकवलं हाय." उलथनं घेतलं. डावा डोळा मिटला. चौकट सरळ दिसली.
"आता दुसरा मिटा," सुमन म्हने.
उजवा मिटला. टीव्ही गेला. चौकट गेली. सुमनबी गेली. नुसतं पांढरं, ताकावानी.
"दिसला का उतार?"
"दिसला. तुह्या अंगनाकडं हाय."
लय हसली.

१९ जाने.
चूल पायली, म्हैस पायली, मालकाचा फोटो पायला, उजवा मिटून. ताक, ताक, ताक.
कोनाले सांगत नाई. सासूचं असंच एका डोळ्यापासून सुरू झालं. दवाखान्यात गेली नाई, मंग दुसराबी गेला. ओसरीवर बसली ते उठलीच नाई. सुमन घास भरवे तिले. सारा गाव म्हने, सून असावी तं अशी.
मले सुमनच्या हातून घास नाई पायजे. मेली तरी चालन.

२२ जाने.
परत तेच. "अक्का, लांब्या बरा झाला कारन टायमावर गेला डाक्टरकडं. लोक लपवतेत अन् मंग..."
म्हनलं, तुले लांब्याचा येवढा पुळका हाय तं सोडचिठ्ठी दे भावजीले.
रोज त्याच्याच डोळ्याचं. माह्याकडं कोनी पाहू नका.
पाहूच नका म्हना.

२५ जाने., आईतवार
बारका चेंडू एका डोळ्यानं गवसत नाई, मी आता लोकायच्या आवाजावर खेळ सांगते. लोक ओरडले का चेंडू गेला, हाय हाय केलं का चुकला. आज मोठ्यानं ओरडले. मी म्हनलं, "पायलं? गेला भोकात!"
सुमननं आधी टीव्हीकडं पायलं, माह्याकडं पायलं. मंग म्हने, "हो अक्का, गेला."
तिची नाकपुडी हलली. खोटं बोलली की हलते, लग्न होऊन आली तवापासून. मंग दाखवलं त्यायनं, चेंडू तळ्यात. ओरडले होते ते दुसऱ्याच कोनासाठी.
मले खोटं पाडाची येवढी चांगली संधी. मी असती तं सोडली नसती. तिनं काऊन सोडली?

२९ जाने.
शेवटचा वेचा. मधीच वळली तं सुमन माह्या मागं, माह्याच ओळीत.
"काय करून राह्यली वं इथं?"
"तुमच्या डाव्या अंगाची बोंडं सुटून राह्यली. संक्रांतीच्या आधीपासून."
"मंग सांगितलं काऊन नाई?"
"तुमी सांगितलं का?"
दोघी उभ्या. तिच्या ओटीत माहा कापूस.
मंग रोज रोज लांब्याच्या डोळ्याचं गाऱ्हानं कोनाले ऐकवत होती? लांब्या आवडतबी होता का तिले? विचारलं नाई. नाई म्हनली असती तं तेबी आवडलं नसतं मले.

३ फेब्रु.
आदिलाबाद, डोळ्याचा दवाखाना. भावजीची मोटारसायकल, सुमन मधात, मी मागं. डाक्टर म्हने, मोतीबिंदू पिकून पांढरा झाला, लय उशीर केला. मागचा पडदा बरा हाय का ते मोती काढून पट्टी सोडल्यावरच खरं समजन. नाई तं काढूनबी उजेड नाई.
म्हनलं, माह्या वळखीच्या एकाचा पडदा बरा झाला. "कोन?" म्हने. सुमननं चिमटा काढला.
ऑपरेशन आईतवारी. त्याच दिवशी लांब्याची शेवटची मॅच. निघता निघता म्हनलं, मले नाई जमत आईतवारी. सुमननं हात धरून नाव लिहाले नेलं.

८ फेब्रु., आईतवार
झालं. दुखलं नाई. "अम्मा, कदलकंडी," तेलुगूत हेच धरून बसली नर्स. नको हलू, नको हलू. मान वळवाची नाई, फोन पाह्याचा नाई.
सुमन फोन घेऊन बसली. आवाज बंद, बाकीचे पेशंट झोपलेले. मुद्दाम डाव्या अंगाले बसली, पट्टीकडं, तिचं तोंडच दिसत नवतं.
"अक्का, शेवटचा चेंडू हाय. हा गेला तं लांब्या जितला. काठी लटकवली त्यानं."
"डोळा कोनता मिटला?"
"बिघडलेला. ढकलला, अक्का. चालला... चालला..."
चेंडू काई पोचेना. 
"सुमन?"
"गेला! भोकात गेला, अक्का!"
"खरं सांग."
"तुमची शप्पथ."
"माही नको खाऊ. लांब्याची खाय."
हसली नुसती. खाल्ली नाई.
आता बसू दिलं. एका डोळ्यानं लिहून राह्यली, ओळ उतारावर चालली. सुमन भात आनाले गेली. भरवते म्हने. मी म्हनलं, चमचा माह्या हातात दे.
उद्या पट्टी निघते. उजवा मिटून आधी तिलेच समोर बसवीन, अन् विचारीन, लांब्या जितला का. नाकपुडी दिसली पायजे.