हार्ड डिस्कमधली चार कडवी

आबा,

आज तिसरी माळ. दुपारची भांडी आवरली, नंदादीपात तेल घातलं आणि बसले. तुम्हाला मी कधी पत्र लिहिलं नाही. शिरोळहून कोल्हापूरला सकाळची एस.टी. धरली की निरोप जेवायच्या आत पोचायचा, लिहायची वेळच आली नाही. आता तुम्हाला जाऊन चोवीस वर्षं झाली. दूध-किराण्याच्या वहीची मागची पानं कोरी आहेत, ती वाया घालवण्यापेक्षा त्यावरच लिहिते.

पक्ष पंधरवड्यात दादाचा फोन आला. गेल्या वर्षीच्या आजारपणानंतर त्याची जीभ जरा जड झालीय, पण आवाज तोच, फोन कानापासून वीतभर लांब धरावा लागतो. म्हणाला, ‘‘अगं, आरती गळाय लागली की माझी. सात कडवी म्हणतोय आन् पुढं आ वासून हुभा ऱ्हातोय. गेल्या साली लोकास्नी वाटलं संपली, त्यांनी परसादाला हात पुढं केलं. तुला येत्यात का गं शेवटची चार?’’ मी म्हटलं, ‘‘नाही रे आठवत.’’ तो म्हणाला, ‘‘मग यंदा पुस्तकातली म्हणायची. दुसरं काय. पर ती समद्या जगाची हाय, आपली न्हवं.’’ फोन ठेवल्यावर मी तशीच ओट्याशी उभी राहिले. तुमच्या आजोबांनी रचलेली अकरा कडव्यांची आरती, कुठल्या पुस्तकात नाही, दुसऱ्या कुठल्या घरात नाही, आणि ती माझ्या डोळ्यांदेखत सात कडव्यांवर आली होती.

तुमच्या हातची आरतीची वही कृष्णेच्या पुरात गेली, आबा. ट्रंकेसकट गेली. पाणी ओसरल्यावर आम्ही सगळे घर धुवायला गेलो होतो. दादा गुडघाभर चिखलात उभा राहून म्हणाला, ‘‘वही गेली. आबांची कॅसेट बी गेली गं.’’ मी मान खाली घालून घमेल्यानं चिखल उपसत राहिले. कारण कॅसेट ट्रंकेत नव्हतीच. शेवटच्या उन्हाळ्यात आईनं टेप हातात धरला होता आणि तुम्ही खाटेवर बसून धापा टाकत अख्खी आरती म्हटली होती, ती कॅसेट. तुमच्या तेराव्यानंतर निघताना मी ती साडीच्या घडीत घालून आणली. लेकीनं माहेरातून न विचारता चमचासुद्धा उचलू नये, हे मला कुणी शिकवायला नको होतं. तरी आणली. तुमचा आवाज आपल्या घरात असावा, एवढंच त्या वेळी मनात होतं. दादाला सांगू सांगू म्हणत वर्षं गेली, आणि पुरानंतर तर सांगायचं तोंडच उरलं नाही.

पुढं कधीतरी त्या कॅसेटची फीत चिकटायला लागली म्हणून मी ती एका दुकानात नेली. तो म्हणाला, ‘‘एकदाच चालंल काकी, परत न्हाई.’’ त्यानं ती आमच्या काळ्या हार्ड डिस्कवर उतरवून दिली. हार्ड डिस्क म्हणजे तळहाताएवढी डबी, वायरीनं कॉम्प्युटरला जोडायची, आत फोटो, गाणी सगळं राहतं. घरी येऊन लावली. दोन कडवी ऐकली आणि असं रडू फुटलं की बंद केली. पुढचं ऐकायचा धीर पुन्हा कधी झाला नाही. म्हणजे दादाची चारही कडवी माझ्या कपाटात होती. डबी उघडायची, कडवी उतरवून घ्यायची, आणि ती कुठून आली ते दादाला सांगायचं, एवढंच काम. मी ठरवलं, घट बसायच्या आत हे करायचं.

जुना कॉम्प्युटर आम्ही गेल्या दिवाळीत मोडीत दिला. तुमच्या जावयांनी नवा लॅपटॉप घेतला, पाटीएवढा पातळ. त्याची भोकंसुद्धा बारकी, जुन्या वायरीचं तोंड त्यात जाईना. त्यासाठी मध्ये लावायचा एक जोड मिळतो. जावई म्हणाले, ‘‘पक्षात नवी वस्तू आणणार? तूच मला साधी चप्पल घेऊ देईना.’’ मी म्हटलं, ‘‘ही वस्तू माझ्या बापासाठीच आहे, पक्षातच आणायला हवी.’’ आणला. जोडला. डबीवरचा दिवा लागला, लॅपटॉपनं ‘टुडुंग’ आवाज केला, आणि पुढं काही नाही. पडद्यावर डबी दिसेचना. काढली, परत लावली. या वेळी इंग्रजीत एक चौकोन आला. मी मॅट्रिकपुरतं इंग्रजी जुळवून वाचलं: ही डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करावी लागेल. जावई खांद्यावरून बघत होते. ‘‘दाब की. एवढं विनवतोय तो.’’

‘‘फॉरमॅट म्हणजे काय हो?’’

‘‘म्हणजे... साफसफाई.’’

मी वायरच उपटली. ‘साफसफाई’ म्हटल्यावर मला आपला चिखल आठवला. दुसऱ्या दिवशी डबी रुमालात बांधून कॉम्प्युटरच्या दुकानात नेली. दुकानदारानं लावली, दोनदा हलवली आणि म्हणाला, ‘‘मावशी, फॉरमॅट मारूया. एकदम नवी होतीया बघा.’’

‘‘आणि आतलं?’’

‘‘आतलं जातंय की. आत काय एवढं? हळदीकुंकवाचं फोटो?’’

‘‘आत माझे वडील आहेत,’’ मी म्हटलं. तो हसायचा थांबला. डबी माझ्या हातात देऊन हळू आवाजात म्हणाला, ‘‘मग कुणालाबी मारू देऊ नका फॉरमॅट. म्या म्हणलं तरी.’’

येताना बसमध्ये मला कारखान्याचं वर्कशॉप आठवत होतं. गळीत हंगाम चालू आहे, मी तुमचा डबा घेऊन आलेय, तुमचं लेथ मशीन बंद पडलंय. चौघं चार बाजूंनी ओरडतायत, कुणी पट्टा काढा म्हणतोय, कुणी मोटर खोला. तुम्ही मात्र स्टुलावर बसून आधी भिंतीवरचं बटण तपासताय. मग वायर. मग पुढची जागा. मला म्हणताय, ‘‘करंट जिथनं येतोय तिथनं सुरुवात करायची. आन् एका दमात दोन गोष्टी बदलायच्या न्हाईत. मशीन चालंल, पर कशानं चाललं ते कळायचं न्हाय.’’ डबा गार झाला तरी तुम्ही उठला नाहीत.

मीही तसंच एकेक बघत, वहीच्या शेवटच्या पानावर लिहीत गेले. पहिल्या दिवशी लॅपटॉपचं दुसरं भोक: तेच. मग फोटो स्टुडिओतून दुसरी वायर मागून आणली: तेच. वायर परत केली. जोड न लावता त्याच स्टुडिओतल्या जुन्या कॉम्प्युटरला लावून बघितली: दिवा लागतो, चौकोन येतो. म्हणजे लॅपटॉप बरा, जोड बरा, वायर बरी. एकेकावर काट मारल्यावर उरली ती डबीच. जावई म्हणाले, ‘‘मेली असेल बिचारी. सोड.’’ मी म्हटलं, ‘‘दिवा लागतोय म्हणजे जीव आहे.’’ डबीत बघायची एकच जागा राहिली होती, वायर बसते ते चपटं तोंड. मॅट्रिक झाले तेव्हा तुम्ही मला साडी घेतली नाहीत, पितळी कडीचं भिंग दिलंत. आई किती रागावली होती. ते भिंग घेऊन मी गॅलरीत उन्हात बसले आणि त्या तोंडात बघितलं.

आत कुंकू होतं, आबा. लाल आणि पिवळं, थरावर थर, पाण्यानं भिजून वाळलेलं. खंडेनवमीला मी घरातल्या सगळ्या यंत्रांची पूजा मांडते. शिलाई मशीन, मिक्सर, ह्यांची स्कूटर, आणि ही डबी. ती पाटावर उभी केली की तोंड वर येतं. नऊ वर्षं मी हळदीकुंकवाचं ओलं बोट त्या तोंडाशी टेकवत होते, वर अक्षता, वर फुलानं पाणी. दिवा लागेल एवढी वाट आत उरली होती, आरती बाहेर येईल एवढी नव्हती. तुमचा आवाज मीच माझ्या हातानं बुजवला होता, तोही भक्तीनं.

आणि हे मला सांगितलेलं नव्हतं असं नाही. दहा वर्षांची होते. खंडेनवमीला तुम्ही मला वर्कशॉपमध्ये नेलंत, हातात ताट दिलंत. मी मशीनला, हातोड्याला, किल्ल्यांना कुंकू लावत गेले आणि तुमच्या मापाच्या कॅलिपरलाही लावलं, अगदी जबड्याच्या आत. सगळ्या कामगारांसमोर तुम्ही ताट काढून घेतलंत. ‘‘जिथं माप बसतंय तिथं कुकू? देव माप चुकवाय सांगतोय व्हय?’’ मी रडत घरी आले. तुम्ही रॉकेलच्या बोळ्यानं तो जबडा पुसत बसला होतात, ते मी दारातून वळून बघितलं होतं. त्या दिवशी गॅलरीत मी तेच केलं. दातकोरणीला कापूस गुंडाळला, स्पिरिटमध्ये जेमतेम ओला केला, आणि एकेक बारीक पट्टी दिसेपर्यंत न खरवडता पुसत राहिले. दोन तास लागले. जावयांनी चहा करून आणून ठेवला, तो निवला तरी मी मान वर केली नाही. मग डबी सावलीत दिवसभर वाळवली. ऊन दिलं नाही, घाई केली नाही.

दुसऱ्या दिवशी पूजा उरकून लावली. टुडुंग. आणि पडद्यावर फोटो, फोल्डर, सगळं ओळीनं. मी आधी आरती लॅपटॉपात उतरवून घेतली, मग एका पेनड्राइव्हवर, आणि मग ऐकायला बसले. जावई शेजारी बसले. आठवं कडवं लागलं, त्यात देवी पुराच्या पाण्यातून अलीकडं येते. नववं, दहावं, अकरावं. मी लिहून घेत होते. आरती संपल्यावर टेप चालूच राहिलाय. तुम्ही दम घेताय. मग आईला म्हणताय, ‘‘शेवटपतोर पोरगी तेवढी म्हणती. थोरल्याचं ध्यानच नसतंय. ती पोरगा असती तर पंचारती तिच्याच हातात दिली असती.’’ मग टेप खट्‌कन बंद.

तुम्ही माझ्या तोंडावर मला कधी बरं म्हटलं नाहीत. आणि म्हटलंत ते असं, दादाच्या छातीवर पाय देऊन. पंचारती चोवीस वर्षं त्यानं धरलीय, आजारपणातून उठून काठी टेकत धरलीय. जावई म्हणाले, ‘‘तेवढं कापून टाकू का? येतंय मला.’’ मी नको म्हटलं. माझ्या बापाच्या आवाजाला कातरी लावायची नाही. मग दादाला नुसता कागद द्यावा असंही वाटलं, पण चाल कागदावर कुठं उतरते? आणि तुमचा आवाज त्याच्यापासून मी एकदा चोरला होताच.

सर्वपित्रीला लॅपटॉप घेऊन शिरोळला गेले. पान वाढून झालं, जेवणं झाली, मग दादाला सगळं सांगितलं. कॅसेट ट्रंकेत नव्हती, मी नेली होती. मला वाटलं आता तो गल्लीला ऐकू जाईल असा ओरडणार. तर म्हणाला, ‘‘चोरटी हायस. पर बरं झालं चोरलीस. ट्रंकेत असती तर आजपतोर किष्णामाईच ऐकत बसली असती.’’ मग मी आरती लावली. तो हात जोडून बसला, ओठ हलवत. सातव्याशी अडखळला आणि आठव्याला तुमचा आवाज पुढं गेला, तशी त्याच्या डोळ्यांतून धार लागली. अकराव्यापर्यंत तो तुमच्यामागून म्हणत गेला. संपली, तुम्ही दम घेतलात, बोलायला लागलात, आणि मला जोराचा ठसका लागला. असा की वहिनी पाठीवर थापट्या मारायला धावली.

‘‘काय म्हणलं गं आबा, शेवटी?’’ दादानं विचारलं.

‘‘पाणी मागितलं,’’ मी म्हटलं.

तो काठी घेऊन उठला. वहिनी म्हणाली मी आणते, तिला बसवलं. स्वतः तांब्या भरून आणला आणि लॅपटॉपशेजारी ठेवला. भांडंही पालथं घातलं त्यावर. परवा पहिल्या माळेला मी दिलेला चार कडव्यांचा कागद समोर ठेवून त्यानं अकराच्या अकरा कडवी म्हटली, वहिनीनं फोनवर ऐकवली. पेनड्राइव्ह माझ्याकडेच आहे. दादा मागेल, तेव्हा शेवटच्या वाक्यासकट देईन, आणि त्या वेळी खोकायची नाही, एवढं ठरवलंय.

हे पत्र वहीतच राहणार आहे, म्हणून लिहिते. दादाला मी ‘आठवत नाही’ म्हणाले होते, ते खरं नव्हतं. आठवायला आधी येत असावं लागतं. शेवटची चार कडवी मला कधीच येत नव्हती, आबा. तुम्ही पंचारती ओवाळताना माझ्याकडं बघायचात, म्हणून मी नुसते ओठ हलवायची.