चुयुनीचे ओले कुरण आणि रविवारची वाट

पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावाने.

मी, बासिलिया वाराचा, कै. लेओन्सिओ तिकोना यांची पत्नी, वय अडुसष्ट, शिक्षण मॅट्रिक, व्यवसाय घरकाम आणि गेली बारा वर्षे अल्पाकापालन, मुक्काम चुयुनी, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. पोट नाही, येत्या बुधवारी आरेकिपाच्या इस्पितळात ते उघडून पाहणार आहेत. मला कोणी भरीला घातलेले नाही. उलट माझा मुलगा विल्बर म्हणतो, "आई, असलं अभद्र लिहू नकोस," आणि त्याच दमात विचारतो, "पण जमिनीचं काय ठरवलंस?"

जमिनीचे अजून ठरलेले नाही. म्हणून सोपे आधी लिहिते.

कलम १. माझा आत्मा देवाचा आणि कांदेलारियाच्या मरियामातेचा. देह हुलियाकाच्या दफनभूमीत, लेओन्सिओंच्या शेजारी. पेटी साध्या फळ्यांची करावी. आत मऊ गादी लावून जास्त पैसे मागतील, ते देऊ नयेत. मला काही टोचणार नाही. जेवणाला आलेल्यांना सूप पोटभर वाढावे, त्यात काटकसर नको. बँड बोलावू नये. लेओन्सिओंच्या वेळी बँडवाल्यांनी सूर कमी लावले आणि बिअर जास्त प्यायली.

कलम २. हुलियाकातील घर, तळमजला व वरची एक खोली, विल्बरला. तो आजही तिथेच राहतो, त्यामुळे त्याला नवीन काही दिले असे वाटणार नाही हे मला ठाऊक आहे. छपराचा पत्रा मागच्या बाजूने उचकटला आहे. तीन वर्षे सांगते आहे. आता तरी स्वतःचे घर म्हणून ठोकावा.

कलम ३. शिवणयंत्र मुलगी नेलिदाला. लोकर कातरायच्या दोन कात्र्या जमिनीबरोबर जातील, ज्याला जमीन त्याला. जपमाळ माझ्या हातात राहू द्यावी. शेजारीण एउलालिया हिच्याकडे माझी मोठी किटली आहे. ती मागू नये. मात्र ती सांत्वनाला येऊन रडू लागली तर माझ्या वतीने एकदा किटलीच्या रिकाम्या जागेकडे पाहावे.

(इथे मी उठून बाहेर जाऊन आले. ऊन भरपूर आहे, आणि कुरण कालच्यापेक्षा पिवळे दिसते. दर कलमाला उठते आहे. कागद खराब होईल म्हणून आता बसूनच राहणार.)

कलम ४. चुयुनी येथील जमीन, नऊ हेक्टर, पैकी साडेतीन हेक्टर ओले कुरण, उरलेले राठ इचू गवत आणि दगड, त्यावर एक खोली, एक गोठा.

ही जमीन मी लेओन्सिओ वारल्यावर त्यांच्या रेल्वेच्या पैशातून घेतली. मुलांनी मला वेड्यात काढले. विल्बर म्हणाला, "छप्पन्नाव्या वर्षी अल्पाका? लोक या वयात गुडघ्यांना तेल लावतात." मी म्हटले, तेही लावीन. मी जनावरे राखणाऱ्या माणसाची मुलगी. बाराव्या वर्षी मला शाळेसाठी शहरात पाठवले, तेव्हापासून दर कार्निवलला माझा जीव डोंगरावर असे. तिथे पिल्लांच्या कानांना रंगीत गोंडे बांधत असतील आणि मी इथे दुसऱ्याच्या ओट्यावर बटाटे सोलते आहे.

माझ्या हातून एक चूक झाली. ती लिहून ठेवते, म्हणजे पुढच्याला कळेल.

आमच्याकडे ओले कुरण आपोआप ओले राहत नाही. झऱ्यापासून पाट काढून ते बारा महिने भिजवावे लागते. दोन हिवाळे पाणी चुकले की ते मरते, आणि मेलेले कुरण माणसाच्या एका जन्मात परत येत नाही. अल्पाकाचे पाय मऊ, दात नाजूक, तिला तेच गवत लागते. म्हणून जमीन घेणारा आधी झऱ्यापर्यंत चालत जातो आणि पाट कोणाच्या हातात आहे ते पाहतो. इथले शेंबडे पोरही हे पाहील.

मी पाहिले नाही. मी खरेदीखत पाहिले. त्यावरचे शिक्के मोजले, तेरा होते. नोंदणी पाहिली, पाद्रीबाबांकडून जमिनीवर तीर्थ शिंपडून घेतले. महिना फेब्रुवारी, आमचा पावसाळा, सगळे हिरवे. झऱ्याकडे गेले नाही, कारण झरा माझा थोरला भाऊ एर्मोहेनेस याच्या दारात होता, आणि वडील वारल्यापासून मी त्या दारात पाऊल ठेवलेले नव्हते. कारण सांगते. लहानपणी वडिलांनी गोंडे बांधताना एक तपकिरी मादी माझ्या नावाने केली होती. तिचा वंश तो माझा, अशी रीत. भाऊ म्हणाला, ती गारपिटीत मेली. त्याच्या कळपात तपकिरी जनावरे मात्र दरवर्षी वाढत होती.

जमीन घेतल्यावर पहिला हिवाळा, म्हणजे मे ते ऑगस्टचे कोरडे महिने, आला. आजूबाजूचे सगळे वाळले, माझे कुरण ओलेच. दुसरा, तिसरा, तसेच. मी समजले, ही मातेची कृपा. दर रविवारी जनावरे गोठ्यात कोंडून पहाटेच्या लॉरीने चर्चमध्ये मिस्सेला जाई, मेणबत्ती लावी, संध्याकाळी परते. सोमवारी कुरणातला लेंड्यांचा ढीग मोठा दिसे. अल्पाका एकाच जागी लेंड्या टाकतात, त्या वाळवून मी चूल पेटवते. वाटायचे, जनावरांची तब्येत किती छान. गोठ्यात कोंडलेल्या जनावरांचा ढीग कुरणात कसा वाढतो, हे मॅट्रिक झालेल्या बाईला कळायला हवे होते.

गेल्या वर्षी भटक्या कुत्र्यांनी माझी दोन पिल्ले मारली. म्हणून या मे महिन्यात मी वरच्या अंगाने दगडी भिंत घातली, छातीइतकी उंच. जुलैत पाणी थांबले.

मी नवस बोलले. दोन मिस्सा करवल्या. ऑगस्टमध्ये कुरणाला भेगा पडल्या, तेव्हा शेवटी डोंगर चढून वर गेले. भाऊ चार वर्षांपूर्वी वारला. वहिनी, फोर्तुनाता, दारात लोकर कातत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"या वन्सं. एकोणीस वर्षांनी वाट सापडली?"

मी म्हटले, "पाणी बंद झालंय."

"झालं नाही. मी केलं."

"का?"

"तुम्ही भिंत का घातलीत?"

"कुत्र्यांसाठी."

"म्हणजे मी कुत्री. बरं."

मला काही कळेना. मग त्यांनी चाती थांबवली आणि दुकानदार उधारी वाचून दाखवतो तसे वाचून दाखवले. बारा वर्षे त्या रोज पाटाच्या तोंडचा दगड सरकवून पाणी खाली सोडत होत्या. आणि बारा वर्षे दर रविवारी, मी गेले की, आपला कळप माझ्या कुरणात उतरवत होत्या.

"देवाच्या दिवशी चोरी करता?" मी म्हटले.

"तुमच्या देवाच्या," त्या म्हणाल्या. वहिनी शनिवार पाळणाऱ्यांच्या मंडळीत गेल्या आहेत, हाही माझा जुना राग. "माझा देव शनिवारी विश्रांती घेतो. रविवारी मी मोकळी, तुम्ही गैरहजर. याहून सोयीचं काय? आणि चोरी कसली? सहा दिवस तुमचं गवत माझं पाणी प्यायलं, सातव्या दिवशी ते माझ्या जनावरांनी खाल्लं."

"मला विचारलं असतंत."

"तुम्ही बोलत होतात माझ्याशी?"

मी मग तपकिरी मादीचे काढले.

"ती होय? खाल्ली आम्ही," वहिनी म्हणाल्या. "आमच्या लग्नाच्या तिसऱ्या वर्षी. घरात काही नव्हतं. तुमचे बंधू म्हणाले, गारपीट सांगू. मऊ होती हो."

"आणि ही सगळी तपकिरी?"

"माझ्या माहेरची. विचारा कोणालाही."

एकोणीस वर्षे मी ज्या कळपाकडे माझा म्हणून पाहत होते तो त्यांच्या बापाचा निघाला. मी तिथेच दगडावर बसले. त्यांनी मला उकडलेले चुन्यो, म्हणजे गोठवून वाळवलेले बटाटे, दिले, मीठ दिले नाही.

कलम ५. अल्पाका एकूण एकतीस: माद्या बावीस, नर चार, या वर्षीची पिल्ले पाच. वहीत प्रत्येकीचे नाव, आई, रंग लिहिलेला आहे. ज्याला जमीन त्याला कळप. वेगळे करू नयेत. या कुरणावर मेंढ्या कधीही आणू नयेत. त्यांचे खूर कुरण फाडतात आणि त्या मुळासकट खातात.

कलम ४ पुढे चालू. जमीन कोणाला, यावर तीन वेळा लिहून खोडले. (खोडलेले कागद जाळले आहेत. शोधू नयेत.)

आधी विल्बर. तो म्हणतो, रस्ता रुंद होणार आहे, विकली तर त्याच्या मिनीबसला नवे इंजिन येईल. खोडले.

मग चर्च. पाद्रीबाबा सज्जन आहेत, पण दर तीन वर्षांनी बदलतात, आणि पाटातला गाळ दरवर्षी काढावा लागतो. शिवाय वहिनी चर्चसाठी दगड सरकवणार नाहीत. खोडले.

मग वहिनींनाच देऊन टाकावी असे वाटले. त्यांना विचारले तर म्हणाल्या, "मला कशाला अडकवता? मला जमीन नको. भिंतीला वाट द्या."

उरली नेलिदा. ती हुलियाकात परदेशी प्रवाशांना स्वेटर विकते. पाटीवर लिहिले आहे "शुद्ध अल्पाका", माल यंत्रावरचा, प्लास्टिकच्या धाग्याचा. याबद्दल मी तिला वर्षानुवर्षे बोलते. मागे म्हणाली होती, "आई, त्यांच्या हाताला कळत नाही, मग देवाला काय फरक पडतो?" त्या दिवसापासून तिचे नाव मी मनात सुद्धा लिहिले नव्हते.

पण शुक्रवारी तिला फोन करून सगळे सांगितले, भिंत, पाणी, वहिनी. विल्बरला सांगितले तेव्हा त्याने विचारले होते, "मग आता किंमत पडणार का?" नेलिदा म्हणाली, "कुरण अजून जिवंत आहे की गेलं?"

मी म्हटले, मला सांगता येत नाही.

ती शनिवारी दुपारी आली, शहरातल्या बुटांत. खाली बसून भेगेत हात कोपरापर्यंत घातला. "तळाशी गार आहे," म्हणाली. मग हात पुसत, माझ्याकडे न पाहता, "मी खोटं विकते कारण खरी लोकर मला कोण देतं, आई? तू सगळी व्यापाऱ्याला देतेस. मला कधी विचारलंस?"

एका महिन्यात हे दुसऱ्यांदा ऐकले. म्हणून लिहिते आणि आता खोडणार नाही: चुयुनीची जमीन व कळप माझी मुलगी नेलिदा तिकोना हिला. अटी:

(अ) वरच्या भिंतीला तीन वाव (सुमारे अठरा फूट) रुंद वाट उघडी राहील. दर रविवारी उजाडल्यापासून मावळेपर्यंत फोर्तुनाताबाईंचा कळप, आणि त्यांच्यामागे जो त्यांचा पाट राखील त्याचा, कुरणात चरेल. ही देणगी नव्हे, पाण्याची अदलाबदल आहे. म्हणून वहिनींनी साक्षीदार व्हायला हरकत नसावी असे मी समजते.

(आ) नेलिदाने रविवारी आपली जनावरे गोठ्यात ठेवून मिस्सेला जावे. रविवारी कुरण मोकळे राहायला हवे, आणि तिच्या आत्म्यालाही त्याची गरज आहे.

(इ) पाटीवर लिहिते तेच विकावे.

विल्बरने रागावू नये. घराची किंमत जमिनीपेक्षा जास्त भरते, हे तो मिनीबसमधल्या कोणत्याही उतारूला विचारू शकतो.

पुरवणी. काल, रविवारी, मी आयुष्यात पहिल्यांदा चालती-फिरती असताना मिस्सा चुकवली. आम्ही तिघींनी भिंतीत वाट पाडली. मी आधी रीतीप्रमाणे धरणीला थोडी दारू शिंपडली. वहिनी दारूला शिवत नाहीत, त्या म्हणाल्या, "तुमचं उरकलं की सांगा, मी फावडं घेऊन उभी आहे." तिसऱ्या दगडाला मला बसावे लागले. वहिनींनी नेलिदाला विचारले, "तू रविवारी काय करतेस ग?"

"स्टॉलवर असते. तोच धंद्याचा दिवस."

"इथे नसतेस ना? मग झालं."

"वहिनी, ती मिस्सेला जाणार आहे," मी म्हटले.

"जाईल हो. त्या बुटांनी कुरणात तर नक्कीच जाणार नाही." पण पाटातला गाळ उपसायला नेलिदाने ते बूट काढले, आणि वहिनींनी आपल्या टायरच्या वहाणा तिच्या पुढ्यात टाकल्या.

दुपारी पाटाच्या तोंडचा दगड सरकवला. नेलिदा पाट सांभाळायला वरच राहिली. संध्याकाळपर्यंत पाणी निम्म्या पाटाशीही आले नव्हते. वहिनी म्हणाल्या, कोरडा पाट आधी स्वतः पितो, मग पुढे देतो. तीन दिवस लागतील, कदाचित चार. कुरण उठेल का, हे विचारल्यावर म्हणाल्या, "मला काय विचारता? मातेला विचारा. बारा वर्षं तिचंच नाव घेत होतात."

मी ठरवले होते की पाणी कुरणात शिरलेले डोळ्यांनी पाहिल्याशिवाय सही करायची नाही. आज सकाळपासून तीन वेळा भिंतीपर्यंत जाऊन आले. पाट ओला दिसतो, वाहता नाही. बटाट्यांची लॉरी रस्त्यावर उभी आहे आणि लॉरीवाला हिलारिओ ओरडतो आहे, "मावशी, लिहून होतंय का? आरेकिपा काही चालत इकडे येणार नाही!" त्याला आत बोलावून साक्षीला बसवले आहे. वहिनी दारात उभ्या आहेत. म्हणतात, "करा सही. मी आहे ना इथे."

न पाहता सही करते आहे. असे मी आजवर कधी केलेले नाही.

बासिलिया वाराचा, विधवा तिकोना (सही)

साक्षीदार १: फोर्तुनाता आंको, विधवा वाराचा, पाटाची मालकीण (सही)
साक्षीदार २: हिलारिओ कुत्तिपा, लॉरीचालक (सही)

मुक्काम चुयुनी, सोमवार, दिनांक २४ सप्टेंबर २०१८, सकाळी दहा.